समुद्र वेळ देतो. तो वापरायचा कुणी?

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सोलापुरात बसून समुद्राच्या संकटांवर बोलावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचा विचार केला तो बहुधा पाण्याच्या अभावामुळे. आभाळाकडे डोळे लावून बसणे, तलावाची पातळी न्याहाळणे, उजनीत किती टक्के साठा झाला याची वर्तमानपत्रातली चौकट सर्वांत आधी वाचणे, हा येथील शिरस्ता. समुद्र येथून अडीच-तीनशे किलोमीटर दूर. त्याच्या वादळांशी सोलापूरकरांचा संबंध काय?

या प्रश्नाचे उत्तर ऑक्टोबर २०२० मध्ये समुद्रानेच दिले. बंगालच्या उपसागरात तयार झालेला कमी दाबाचा तीव्र पट्टा १३ ऑक्टोबरच्या सकाळी आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून जमिनीवर आला. काकीनाडा ते सोलापूर हे अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. त्या रात्री हैदराबाद पाण्याखाली गेले. दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, तोच पट्टा सोलापूर जिल्ह्यावर होता. ओढे-नाले फुटले, भीमा आणि सीना पात्राबाहेर आल्या, काढणीला आलेली पिके शेतातच कुजली. पंढरपुरात चंद्रभागेकाठी कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नसेल, त्यांच्याही दारात समुद्रात जन्मलेले संकट येऊन उभे राहिले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेच्या पुराने माढा आणि मोहोळ तालुक्यांतील गावांना वेढा घातला, तेव्हाही पावसाचे मूळ बंगालच्या उपसागरातच होते.

तेव्हा समुद्राचा धोका हा केवळ कोळीवाड्याचा प्रश्न नव्हे. तरीही त्याचा पहिला आणि सर्वांत कठोर आघात सोसतो तो किनाऱ्यावरचा माणूस. त्याच्या वाट्याला येणारी संकटे कोणती, त्यांची पूर्वसूचना कशी मिळते आणि सूचना मिळूनही माणसे का दगावतात, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

किल्लारीची रात्र आणि सागराची सकाळ

आरंभी एक तुलना आवश्यक आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापूरची जुनी पिढी विसरू शकत नाही. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालेले, माणसे थकून झोपलेली. चारच्या सुमारास जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर परिसरातील गावे दगडामातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. भूकंपाने कोणालाही क्षणाची सवड दिली नाही. अचूक दिवस आणि वेळ सांगून भूकंपाचे भाकीत करणे आजही विज्ञानाला साधलेले नाही.

समुद्राचे तसे नाही. चक्रीवादळ जन्मल्यापासून किनाऱ्यावर येईपर्यंत बहुधा काही दिवस जातात. दूरवरच्या भूकंपाने उठलेली त्सुनामी किनारा गाठायला काही तास घेते. खोल समुद्रात तिचा वेग ताशी सातशे-आठशे किलोमीटर असला, तरी भूकंपाची कंपने तिच्या कितीतरी पटींनी वेगाने धावतात आणि यंत्रांवर आधी उमटतात. भरती-ओहोटीचे वेळापत्रक तर वर्षभर आधी छापून मिळते. समुद्र वेळ देतो. त्या वेळेचा उपयोग होतो की नाही, यावर जीवितहानीचा आकडा ठरतो. विषयाचे सार एवढेच आहे.

जेव्हा वेळ होती, पण सांगणारे कोणी नव्हते

२६ डिसेंबर २००४ हा रविवार होता. सुमात्राजवळ समुद्रतळाशी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास प्रचंड भूकंप झाला. अंदमान-निकोबारला लाटांनी लवकरच गाठले. परंतु तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्या पोहोचल्या दोन तासांहून अधिक काळाने. एवढ्या अवधीत माणूस चालत चालत सुरक्षित अंतरावर जाऊ शकतो. पण नागपट्टिणमच्या कोळ्यांना, मरिना किनाऱ्यावर फिरायला आलेल्यांना हे कोणी सांगितलेच नाही. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. हिंदी महासागरासाठी त्या वेळी इशारा देणारी यंत्रणाच नव्हती.

पश्चिम किनारा यापासून मुक्त आहे, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्यालगत, म्हणजे आजच्या पाकिस्तान-इराणच्या दक्षिणेस, मोठा भूकंप झाला. त्यातून उठलेल्या लाटा साधारण साडेचार तासांनी मुंबईला पोहोचल्या आणि तेथेही माणसे वाहून गेली. हा इतिहास मुंबईकरांच्याही स्मरणात नाही. ऐंशी वर्षे म्हणजे माणसाचे एक आयुष्य. निसर्गाच्या हिशेबात तो निमिष आहे.

आज परिस्थिती बदललेली आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात, ज्याला ‘इन्कॉइस’ म्हणतात, त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र ऑक्टोबर २००७ पासून अहोरात्र कार्यरत आहे. भूकंपाची नोंद झाल्यानंतर काही मिनिटांत तेथून पहिली सूचना निघते. समुद्रतळाशी बसवलेली दाबमापक यंत्रे आणि किनाऱ्यावरील भरतीमापक यंत्रे लाट खरोखर उठली आहे का, हे सांगतात. चक्रीवादळांचा माग भारतीय हवामान विभाग उपग्रह आणि रडार यांच्या साहाय्याने घेतो. पिवळा, नारिंगी, लाल असे इशाऱ्यांचे रंग आता शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले आहेत.

अरबी समुद्राचा बदललेला स्वभाव

कोकणच्या कोळी समाजाने समुद्राशी वागण्याचा एक नियम फार पूर्वीच घालून घेतला होता. आषाढ-श्रावणात होडी शाकारून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्यावरच पाण्यात लोटायची. यात श्रद्धा आहे, तसा पिढ्यांचा अनुभवही आहे. पावसाळ्यात माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्र खवळलेला असतो. आज शासनानेही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी केली आहे. जे रूढीने सांगितले, त्याला कायद्याचा आधार मिळाला.

हा नियम मोडल्यावर काय होते, हे १७ जुलै १९४७ ने दाखवले. स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नव्हता. आषाढ सरत आला होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांत उलटली. सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. मुंबईपासून अवघ्या काही मैलांवर हे घडत असताना शहराला त्याची वार्ता नव्हती. जे वाचले, त्यांतील अनेकांना रेवस परिसरातील कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले.

परंतु परंपरेचा आदर करताना तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. नारळी पौर्णिमेचा नियम पावसाळ्यापुरता आहे. अरबी समुद्रात चक्रीवादळे प्रामुख्याने येतात ती पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये, आणि नंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात. म्हणजे जेव्हा होड्या समुद्रात असतात, तेव्हाच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या अलीकडच्या दोन दशकांत ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्राचे वाढते तापमान हे त्यामागचे प्रमुख कारण. २०१९ या एकाच वर्षात अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच वादळे झाली. आजोबांच्या अनुभवात जे नव्हते, ते नातवाला भोगावे लागत आहे. म्हणून आजोबांच्या शहाणपणाला हवामान विभागाच्या पत्रकाची जोड देणे भाग आहे.

इशारा कोठे अडतो?

गेल्या पंधरा-सोळा वर्षांतील चार वादळे पाहिली, तर इशाऱ्याची साखळी कोणत्या कडीशी तुटते, हे लक्षात येते.

नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ ११ तारखेला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. बंदरावर धोक्याचा बावटा लागला, तरी खोल समुद्रात चार-पाच दिवसांसाठी गेलेल्या होडीला तो दिसणार कसा? रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातील कित्येक कुटुंबांनी धक्क्यावर उभे राहून वाट पाहिली आणि काही होड्या परतल्याच नाहीत.

२०१७ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या ‘ओखी’ने हेच दुःख केरळ आणि तामिळनाडूला दिले. शेकडो मच्छीमार प्राणास मुकले. त्याच वादळात भरकटलेल्या ६८ बोटी आणि त्यांवरील ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर सुखरूप लागले. भाषा निराळी, प्रांत निराळा. पण मराठी किनाऱ्याने त्यांना थारा दिला. या अनुभवानंतर मोबाईलची रेंज नसलेल्या समुद्रात उपग्रहाद्वारे संदेश पोहोचवण्याचे तंत्र भारताने विकसित केले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते अशा प्रणालीचा राष्ट्रव्यापी आरंभ झाला. तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची ही योजना आहे. या यंत्रावरून इशारा नौकेपर्यंत जातो आणि नौकेची हाकही किनाऱ्यापर्यंत येते.

‘निसर्ग’ वादळ ३ जून २०२० रोजी दुपारी श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटर होता. या वेळी इशारा वेळेवर मिळाला आणि हजारो लोकांना आधीच हलवण्यात आले. म्हणून वादळाच्या मानाने जीवितहानी मर्यादित राहिली. पण नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. पोफळीचे झाड लावल्यावर सुपारी धरायला अनेक वर्षे लागतात. म्हणजे एका दुपारीत एका कुटुंबाचे दशकाचे उत्पन्न गेले. माणूस वाचवता आला. संसार उभा करण्याची तयारी मात्र अपुरी पडली. विमा, पक्के छप्पर, कागदपत्रांच्या प्रती, विजेशिवाय पाणी उपसण्याची सोय, या गोष्टी वादळानंतर आठवून उपयोग नसतो.

आणि मे २०२१ चे ‘तौक्ते’. वादळ येणार, हे काही दिवस आधीपासून जाहीर होते. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा २६१ माणसांसह समुद्रातच राहिला. १७ मे रोजी नांगर तुटून तो भरकटला आणि बुडाला. नौदलाने जिवावर उदार होऊन १८६ जणांना वाचवले. उरलेले परतले नाहीत. येथे उपग्रह चुकला नव्हता, पत्रकही अडले नव्हते. इशारा हाती असूनही माणसे वेळेत किनाऱ्यावर आली नाहीत.

‘फयान’मध्ये इशारा पोहोचला नाही. ‘तौक्ते’मध्ये तो पोहोचूनही फळला नाही. पहिला दोष यंत्राने दूर होतो. दुसरा केवळ माणसाच्या सवयीने आणि निर्णयाने दूर होतो.

सवय कशी लागते?

सुमात्राजवळ सिमेउलुए नावाचे बेट आहे. २००४ च्या भूकंपाच्या केंद्राला ते इतके जवळ होते की, पहिली लाट अवघ्या दहा मिनिटांच्या आतबाहेर तेथे पोहोचली. कोणत्याही यंत्रणेला तेथे सूचना देता आली नसती. तरीही सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर केवळ सात जण दगावले. कारण १९०७ मध्ये तेथे अशीच लाट आली होती आणि तेव्हापासून आज्या नातवंडांना अंगाईतून, गोष्टीतून सांगत आल्या होत्या: जमीन जोरात हादरली आणि समुद्र मागे हटला, तर काहीही न घेता डोंगराकडे धावायचे.

जपानमधील हिरो या गावची कथाही अशीच. १८५४ मध्ये भूकंपानंतर लाट येणार हे ओळखून हामागुची गोर्यो या गृहस्थाने अंधारात वाट चुकलेल्या गावकऱ्यांना उंचावरची दिशा दाखवण्यासाठी कापून ठेवलेल्या भाताच्या पेंढ्या पेटवल्या. लाट ओसरल्यावर त्याने स्वखर्चाने गावाला बांध घातला. १९४६ च्या त्सुनामीत त्या बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रसंघाने ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला आहे.

दूर कशाला, आपल्या देशात ओडिशाचे उदाहरण आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर ओडिशाने निवारागृहे बांधली, गावोगाव तरुणांना शिकवले, दरवर्षी सराव घेतला. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवलेले होते आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. याच ओडिशातील दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय सागर आयोगाने ‘त्सुनामीसज्ज’ म्हणून मान्यता दिली. शेजारच्या बांगलादेशात १९७० च्या वादळात तीन ते पाच लाख माणसे बुडाली. कारण वाऱ्याने ढकललेले पाणी नेमके भरतीच्या वेळी सपाट किनाऱ्यावर चढले. आज तेथे सुमारे ७६ हजार स्वयंसेवक इशारा घरोघरी नेतात आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. वादळात घरातली बाई मुलांना सोडून बाहेर पडत नाही आणि परक्या पुरुषाच्या सांगण्याने तर नाहीच, हे अनुभवाने कळल्यावर ही योजना झाली.

यात एक समान सूत्र दिसते. उपग्रहापासून मोबाईलपर्यंतचा प्रवास यंत्र करते. मोबाईलपासून उंबरठ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा ओळखीच्या माणसाचा असतो. ज्याच्यावर विश्वास आहे, तो दारात येऊन म्हणाला, ‘काकू, चला’, तरच काकू उठतात.

अफवा आणि कंटाळा

या कार्याचे दोन शत्रू आहेत. पहिला शत्रू अफवा. १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली, असे वाक्य कितीतरी याद्यांतून छापले गेले. अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा त्या काळच्या वृत्तपत्रांत अशा घटनेची नोंदच सापडली नाही. जे वादळ झालेच नाही, ते शंभर वर्षे छापले जाते आणि १९४५ ची खरी लाट विसरली जाते. त्सुनामीविषयी चित्रफिती पुढे पाठवण्याआधी अधिकृत पत्रक पाहण्याची शिस्त घराघरांत लागली पाहिजे.

दुसरा शत्रू कंटाळा. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ पुन्हा प्रचंड भूकंप झाला, इशारा निघाला, लोक हलले आणि मोठी लाट आलीच नाही. ‘निसर्ग’ मुंबईच्या दक्षिणेला वळले आणि मुंबई बचावली. अशा वेळी ‘उगाच घाबरवले’ असे म्हणण्याची प्रवृत्ती असते. छत्री घेतली आणि पाऊस आला नाही, म्हणून कोणी छत्री मोडून टाकत नाही.

सोलापूरकरांनी काय करावे?

कोकणात सहलीला जाणारी सोलापूरची कुटुंबे बहुधा दोनदा जातात: मे महिन्यात आणि दिवाळीत. या दोन्ही सुट्या नेमक्या चक्रीवादळांच्या हंगामात येतात. निघण्यापूर्वी हवामान विभागाचे पत्रक पाहणे हा पहिला नियम असावा.

दुसरा नियम भरतीचा. त्यासाठी घरातील पंचांगही पुरते. कोकणात ठोकळमान सांगतात ते असे की, तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि पाण्याची ओढ तीव्र असते. अर्थात हे ठोकळमान आहे; नेमकी वेळ स्थानिकांना विचारावी आणि त्यांनी ‘आज पाण्यात उतरू नका’ म्हटले, तर वाद घालू नये.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी वादळ नव्हते, पाऊस नव्हता. घाटावरच्या माणसाला नदी कळते, समुद्र कळत नाही. लाटा किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना अरुंद वाटेने वेगाने आत जाते. जेथे लाटा फुटताना दिसत नाहीत, तो शांत भासणारा पट्टाच पुष्कळदा ही परतीची वाट असतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यावे. पोहता येत नसेल, तर तरंगत राहून हात वर करावा. बुडणाऱ्यासाठी दुसऱ्याने उडी घेण्यापेक्षा दोर, रिकामा डबा, फळकुट फेकावे. समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सर्वसाधारण मदतीसाठी ११२ हे क्रमांक प्रत्येकाच्या ध्यानात असावेत.

त्सुनामीची खूण तीन शब्दांत सांगता येते: हादरा, ओसरणे, गर्जना. यांतील एकही दिसली, तर सामान न आवरता उंचावर जावे आणि पहिली लाट गेली म्हणून खाली उतरू नये. पुढची लाट मोठी असू शकते.

तिसरी गोष्ट कार्यकर्त्यांची. आपत्ती आल्यावर भाकरी, कपडे, औषधे घेऊन धावणारे हात महाराष्ट्रात कधी कमी पडलेले नाहीत. किल्लारीत ते दिसले, कोकणातही दिसले. आपत्तीच्या आधी दारोदार जाऊन सांगणारे मात्र थोडे असतात; कारण त्या कामाला छायाचित्र नसते, सत्कार नसतो, आणि ते यशस्वी झाले तर काहीच घडत नाही. भीमा-सीनेच्या काठच्या प्रत्येक गावात हे काम आजच सुरू होऊ शकते. वस्तीत अंथरुणाला खिळलेले कोण, एकट्या राहणाऱ्या वृद्धा कोण, गरोदर स्त्रिया कोण, याची यादी करावी. कोणाला कोण उचलून नेणार, हे ठरवावे. उंचावरची शाळा वा मंदिर निश्चित करावे आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, सर्वांनी तेथपर्यंत चालून पाहावे. कोळीवाड्यात जी रीत प्राण वाचवते, तीच नदीकाठीही वाचवते. किनाऱ्यावर तिवरांची वने आणि नदीकाठी मोकळी पूररेषा, या दोन्हींना धक्का न लावणे, हाही तयारीचाच भाग आहे.

सोलापूरच्या बहुतेक घरांतील कोणी ना कोणी आज मुंबईत, रत्नागिरीत, अलिबागेत नोकरी-शिक्षणासाठी आहे. पुढच्या वेळी दूरदर्शनवर किनाऱ्यासाठी लाल इशारा दिसेल, तेव्हा एक दूरध्वनी करावा. ‘काळजी घे’ एवढेच म्हणून थांबू नये. भरती किती वाजता आहे, घर कितव्या मजल्यावर आहे, जायचे कोठे ठरले आहे आणि शेजारच्या आजींना कोण नेणार, हे विचारावे.

किल्लारीच्या झोपलेल्या माणसांना त्या पहाटे असा दूरध्वनी कोणी करू शकले नसते. समुद्राकाठच्या माणसाला तो करता येतो.